विमान हवेत, इंजिन बंद!

दोस्तांनो, रेडिओच्या लहरींवर उडणारं छोटं विमान कधी पाहिलंय? मैदानात उभा असलेला ‘वैमानिक’ हातातल्या पेटीवरच्या दोन दांड्या हलवतो आणि वर विमान झोकात गिरकी घेतं. हल्ली बरीचशी विमानं बॅटरीवर उडतात. पण आम्हाला विचाराल तर खरी गंमत इंजिनवाल्या विमानात! तो कर्कश आवाज, तो धूर... आणि मध्येच एकदम शांतता. इंजिन बंद! आता हाताशी काही सेकंदच. अशा वेळी नाक किंचित खाली ठेवून विमान अलगद तरंगत उतरवायचं. घाबरून नाक वर ओढलं की वेग संपतो, विमान धोंड्यासारखं कोसळतं आणि कित्येक महिन्यांची मेहनत मातीत जाते.

मग बहुतेक जण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन इंजिनावर तुटून पडतात. खरं तर आधी बघायला हवा इंधनाचा कॅन.

या ‘ग्लो’ इंजिनात पेट्रोल चालत नाही. त्याचं मुख्य इंधन म्हणजे मिथेनॉल. त्यात साधारण पाचवा हिस्सा तेल आणि बहुधा ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन. तेल पुष्कळदा एरंडेलच असतं. हो, पोट साफ करायला देतात तेच! इंजिनाला वंगण मिळतं ते या इंधनातूनच. म्हणून इंधन कमी पडलं की वंगणही कमी पडतं आणि इंजिन भलतंच तापतं.

स्कूटरसारखा ठिणगी उडवणारा प्लगही इथे नसतो. असते ती प्लॅटिनमयुक्त तारेची चिमुकली गुंडाळी. दीड व्होल्टच्या सेलने ती तापवायची, इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्यायचा. तरी तार लालच! कारण इंजिनातल्या उष्णतेबरोबरच, प्लॅटिनमच्या सान्निध्यात मिथेनॉलची ऑक्सिजनशी क्रिया होऊन तिला उष्णता मिळत राहते. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डन यांनी हा प्लग बाजारात आणला आणि चिमुकल्या विमानांवरचं कॉइल-बॅटरीचं ओझं उतरलं.

पण मिथेनॉलची एक खोड आहे. ते हवेतलं बाष्प शोषून घेतं. पावसाळ्यात मीठ पाणावतं ना, तसंच. मीठ निदान ओलं दिसतं. मिथेनॉलमध्ये पाणी असं मिसळून जातं की पत्ताच लागत नाही. पाणी जळत तर नाहीच, उलट उष्णता खातं. तार थंडावते. सेल लावलेला असेपर्यंत इंजिन झकास चालतं आणि काढला की आचके देत बंद पडतं. अशा वेळी आधी नवा प्लग लावून पाहावा. तरीही तेच रडगाणं? मग सीलबंद कॅनमधलं ताजं इंधन भरून पाहावं. इंजिन सुधारलं, तर चोर सापडला!

जमिनीवर ठणठणीत आणि वर चढताना बंद, अशी तक्रार असेल तर मात्र इंधनाला दोष देऊ नका. नाक वर झालं की टाकीतून इंजिनापर्यंत इंधन चढणं अवघड होतं. तेव्हा इंधनाची सुई थोडी सैल करावी लागते. नळीला बारीक भोक पडून हवेचे बुडबुडे येत नाहीत ना, तेही पाहावं.

हे सगळं मोठ्या माणसांसोबतच, बरं का! मिथेनॉल विषारी असतं आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही.

दिवसअखेर टाकी रिकामी करा, उरलेलं इंधन इंजिन चालवून संपवा आणि आत चार थेंब तेल सोडा. नाहीतर बेअरिंग गंजतात. कॅनचं झाकण घट्ट लावा आणि तो कधी उघडला, ती तारीख त्यावर लिहून ठेवा.