घरातला छोटा सर्व्हर आणि मोठ्या डिस्क

हार्ड डिस्क भरली, की बाजारातून तिच्याहून मोठी आणायची आणि जुनीच्या जागी बसवायची. यात समजून घेण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. एका डिस्कच्या संगणकात ते बरोबरही आहे. पण चार डिस्क एकत्र बांधून चालणारा छोटा सर्व्हर असला, तर हेच काम चांगलं आठवडाभर चालतं आणि त्या आठवड्यात साठवलेलं सगळंच्या सगळं जाऊ शकतं. असं का, हे कळायला थोडं गणित करावं लागेल. गणित आठवीच्या पुस्तकापलीकडचं नाही.

उदाहरण म्हणून एक खरं यंत्र घेऊ. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकांच्या घरी एच.पी. कंपनीचा मायक्रोसर्व्हर आहे, जेन-८ नावाचा. हे यंत्र २०१३ साली बाजारात आलं. साधारण २३ सेंटिमीटर बाजूचा ठोकळाच म्हणा. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर ते रात्रंदिवस चालू असतं आणि घरातल्या सगळ्या संगणकांच्या, फोनच्या फायली सांभाळतं. आत दोन-दोन टेराबाइटच्या चार डिस्क. बाईंनी त्यात वीस वर्षांची शाळेची छायाचित्रं, सहलींची चित्रणं आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या ठेवल्या आहेत. ओव्या सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता हयात नाहीत. साठा पाच टेराबाइटच्या वर गेला, जागा संपत आली, आणि डिस्क मोठ्या करायचं ठरलं.

चार डिस्क, प्रत्येकी २ टेराबाइट, म्हणजे एकूण ८. पण वापरायला मिळतात ६. उरलेल्या दोन जातात कुठे?

हे वर्गात करून पाहता येईल. चार मुलांना ओळीने उभं करा. पहिल्या तिघांच्या हातात ० किंवा १ लिहिलेली कार्डं द्या, काहीही. चौथ्याने असं कार्ड घ्यायचं, की चौघांच्या कार्डांवरच्या १ ची एकूण संख्या सम झाली पाहिजे. पहिल्या तिघांकडे १, ०, १ असतील तर चौथा ० घेईल. १, १, १ असतील तर तो १ घेईल. आता एका विद्यार्थ्याला बाहेरून आत बोलवा आणि चौघांपैकी कोणत्याही एकाला कार्ड लपवायला सांगा. आत आलेला विद्यार्थी उरलेली तीन कार्डं पाहून लपवलेलं कार्ड नेमकं ओळखेल. दोघांनी कार्डं लपवली, तर मात्र त्याचा इलाज चालणार नाही.

चार डिस्कच्या या बांधणीत हेच चालतं. एका डिस्कएवढी जागा या सम-विषमाच्या हिशोबासाठी जाते. फक्त ती एकाच डिस्कवर न ठेवता चारींवर वाटून ठेवतात. अशा निरनिराळ्या बांधण्यांना रेड म्हणतात. हे नाव आणि त्यांची पद्धतशीर मांडणी बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ सालच्या निबंधातली. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. नवी डिस्क बसवली, की सर्व्हर उरलेल्या तीन डिस्क पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत वाचतो आणि हरवलेली डिस्क नव्यावर पुन्हा लिहून काढतो.

म्हणूनच डिस्क मोठ्या करण्याची नेहमीची रीत अशी आहे : एक जुनी काढा, तिच्या जागी मोठी घाला, सर्व्हरला तिची भरणी करू द्या, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. चारही बदलून झाल्या, की वाढीव जागा हाती येते. रीत सोयीची आहे. पण प्रत्येक भरणी पूर्ण होईपर्यंत चारपैकी एका मुलाचं कार्ड आपण स्वतःहून लपवलेलं असतं. त्या तासांत दुसरी डिस्क गेली तर संपलं. आणि याच तासांत जुन्या डिस्कवर सर्वांत जास्त ताण पडतो, कारण प्रत्येक वेळी तीन डिस्क म्हणजे ६ टेराबाइट, चार वेळा मिळून २४ टेराबाइट वाचायचे असतात.

घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात एक आकडा असतो. १०० लाख कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्यं, इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एकदा न सुधारता येणारी चूक होईल, असं त्यात म्हटलेलं असतं. आठाने भागलं की हे होतात १२.५ टेराबाइट. म्हणजे २४ टेराबाइट वाचताना कागदोपत्री जवळजवळ दोनदा अडखळायला हवं. हा आकडा कमाल मर्यादेचा आहे आणि चांगल्या स्थितीतली डिस्क त्याहून बरीच बरी वागते, हेही सांगायला हवं. पण इथे प्रश्न दहा वर्षांहून अधिक काळ अखंड फिरलेल्या डिस्कचा आहे. भरणी चालू असताना अशी चूक निघाली, तर काही व्यवस्थांमध्ये एखादी फाइल जाते, आणि काहींमध्ये सगळी भरणीच थांबते.

आता वेळेकडे वळू. जुनी २ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १३० मेगाबाइट वाचते असं धरा. पूर्ण वाचायला १५ हजारांहून थोडे अधिक सेकंद, म्हणजे सव्वाचार तास लागतात. नवी ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइट वाचते असं धरलं, तर तिला सव्वाबारा तास लागतात. क्षमता चौपट झाली, वेग मात्र दीडपटही झाला नाही.

असं का व्हावं? एक वही घ्या आणि अक्षर निम्म्या आकाराचं काढा. ओळीत दुप्पट अक्षरं बसतील आणि पानावर ओळीही दुप्पट होतील. पानावरचा मजकूर चौपट झाला. पण वाचणारा बोट ओळीवरून पूर्वीच्याच गतीने सरकवत असेल, तर एका ओळीत त्याला दुप्पटच मजकूर मिळतो. डिस्कचंही असंच आहे. क्षमता तबकडीच्या क्षेत्रफळावरच्या दाटीने वाढते, तर वेग फक्त वर्तुळाच्या रेषेवरच्या दाटीने. त्यात तबकड्यांची संख्या वाढवली तर क्षमता आणखी वाढते, पण सर्वसाधारण डिस्कमध्ये एका वेळी एकच शीर्ष वाचत असल्यामुळे वेगात काही भर पडत नाही. आणि फिरण्याचा वेग? मिनिटाला ७२०० फेरे, तो कित्येक वर्षं तिथेच आहे. (बाहेरच्या वर्तुळावर वेग जास्त आणि आतल्यावर कमी का असतो, हे मुलांना विचारून पहा. परिघाचं सूत्र आठवलं की उत्तर येतं.)

आय.बी.एम.ने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. ती सेकंदाला ८,८०० अक्षरं वाचायची. शीर्ष हलवण्याचा वेळ सोडला तर पूर्ण डिस्क दहा मिनिटांच्या आत वाचून व्हायची. सत्तर वर्षांत क्षमता अफाट वाढली; पूर्ण वाचनाचा वेळ मात्र मिनिटांवरून तासांवर आणि सर्वांत मोठ्या डिस्कच्या बाबतीत दिवसावर गेला.

तेव्हा चार नव्या डिस्क आणून पूर्वीचीच बांधणी पुन्हा उभारणं आम्हांला शहाणपणाचं वाटत नाही. पुढे कधी एखादी ८ टेराबाइटची डिस्क बिघडली, तर एका भरणीसाठी उरलेल्या तिन्ही मिळून २४ टेराबाइट वाचाव्या लागतील आणि निदान बारा तास संरक्षण नसेल. चार डिस्कची बांधणी ज्या काळात सोयीची ठरली, त्या काळी एका डिस्कवर सगळं मावत नव्हतं. आता बाईंचा सगळा साठा एकाच डिस्कवर बसतो. मग तीनच डिस्क घ्याव्यात : दोन सर्व्हरमध्ये एकमेकींची हुबेहूब प्रत म्हणून, आणि तिसरी घराबाहेर, बहिणीच्या किंवा शेजारच्यांच्या कपाटात. वापरायला ८ टेराबाइट मिळतात, म्हणजे पूर्वीपेक्षा दोन अधिक. एक बिघडली तर दुसरी फक्त एकदा वाचायची.

ही तिसरी डिस्क चैन नाही. चुकून पुसलेली फाइल जोडीतल्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. विजेचा लोळ आला, चोरी झाली, छत गळलं, तर दोन्ही एकदम जातात. कामाची सुरुवातही या तिसरीपासूनच करावी. ती स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या खोक्यात घालून मागच्या यूएसबी जोडणीला लावायची, सगळा साठा तिच्यावर उतरवायचा, आणि जुन्या डिस्कना हात लावण्याआधी मूळ फाइल आणि प्रत यांचा पडताळा घ्यायचा. त्यासाठी प्रत्येक फाइलमधल्या सगळ्या बिटांवरून एक ठरावीक लांबीची संख्या काढणारे प्रोग्रॅम असतात. दोन्हीकडची संख्या जुळली, की प्रत बरोबर. नव्या डिस्कवर विश्वास टाकण्यापूर्वी ती एकदा पूर्ण लिहून पूर्ण वाचून घ्यावी. एक दिवस जातो खरा, पण ज्या डिस्क लवकर बिघडायच्या असतात त्यांतल्या बऱ्याच इथेच उघड्या पडतात.

खरेदी करताना एक गोष्ट विचारून घ्या. काही डिस्कमध्ये माग एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, घरावर कौलं घालतात तसे. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, म्हणून सलग मोठं लेखन फार मंदावतं. भरणीच्या वेळी नेमकं तेच करायचं असतं. वेस्टर्न डिजिटलच्या, घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क अशा असल्याचं २०२० साली बाहेर आलं, तेव्हा मोठी ओरड झाली आणि मग कंपन्यांनी कोणती डिस्क कोणत्या पद्धतीची हे जाहीर केलं. आता माहितीपत्रकात सी.एम.आर. किंवा एस.एम.आर. असं लिहिलेलं सापडतं. आपल्याला हवी ती सी.एम.आर.

जुन्या पद्धतीच्या विभागणी-तक्त्यात डिस्कवरच्या खणांना ३२ बिटांचे क्रमांक असतात. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट, त्यापुढचे खण मोजताच येत नाहीत. नवी डिस्क जीपीटी पद्धतीने विभागली की हा प्रश्न मिटतो. आणि ८ टेराबाइटची डिस्क संगणक ७.२८ दाखवतो, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

बाकीच्या भागांचं काय? पहिला खर्च मेमरीवर करावा. या सर्व्हरमध्ये दोन खाचा आहेत आणि कमाल १६ गिगाबाइट मावते. डी.डी.आर.-३ जातीची, बफर नसलेली आणि ई.सी.सी. असलेली पट्टीच घ्यायची. ई.सी.सी. म्हणजे दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट; आपल्या चार कार्डांच्या खेळाचाच पुढचा टप्पा. त्यातून एका बिटाची चूक नुसती कळत नाही, तर दुरुस्तही होते. प्रोसेसरही बदलता येतो. मूळचा सेलेरॉन ३५ वॅटचा आहे आणि त्याच्यावर स्वतंत्र पंखा नाही, मागच्या एकाच पंख्यावर सगळं भागतं. त्यामुळे जास्त उष्णता देणारा प्रोसेसर घालण्याआधी विचार करावा. फायली सांभाळण्याला मूळचा पुरतो. चित्रफितींचं रूपांतर करायचं असेल तरच नवा घ्यावा. वेगवान डिस्कचा फायदा दुसऱ्या खोलीत जाणवेल, अशीही अपेक्षा नको. गिगाबिट जाळ्याची तार सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा अधिक नेऊच शकत नाही, आणि तेवढं तर जुनी डिस्कही देत होती.

चारांच्या दोन डिस्क झाल्याने विजेचीही थोडी बचत होते. फिरत राहणारी एक डिस्क साधारण ५ वॅट घेते. दोन कमी म्हणजे १० वॅट, आणि वर्षाचे ८,७६० तास धरले तर सुमारे ८८ युनिट.

जुन्या चार डिस्क लगेच पुसू नका. एक-दोन महिने नवी मांडणी नीट चालली, की मग त्या पूर्ण पुसाव्यात आणि त्यातली एक शाळेत न्यावी. चांदणीच्या आकाराचे स्क्रू काढायला टॉर्क्स जातीचा पेचकस लागतो. आत आरशासारख्या तबकड्या, त्यांच्यावरून फिरणारा हात आणि त्याच्या बुडाशी दोन निओडिमियम चुंबकं दिसतील. चुंबकं फार जोरकस असतात, बोट मध्ये सापडू देऊ नका. त्या चुंबकांमधल्या तारेच्या वेटोळ्याला पेन्सिल सेलच्या दोन तारा क्षणभर लावून पहा. हात एकीकडे झटकन फिरतो, तारा उलट लावल्या की दुसरीकडे.