डोक्यावरील ओझे आणि बाजारातील लोखंडी सामान

आपल्या व्यवसायात वजनास जेवढा मान आहे तेवढा दुसऱ्या कशासही नाही. काटा व वजने यांची पडताळणी होऊन त्यांवर सरकारी मुद्रा उमटल्याखेरीज आपण तोलास हात घालीत नाही. परंतु तेच धान्याचे पोते ज्या आकड्यास टांगून आपण वखारीच्या माळ्यावर चढवितो, त्या आकड्यावर कोणाची मुद्रा आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? मी स्वतः तीस वर्षे पाहिले नव्हते. म्हणूनच, यंत्रशास्त्राचे शिक्षण नसता, केवळ मॅट्रिकपर्यंतच्या गणिताच्या आधारे हा विषय सभासद बंधूंपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात आमच्या वखारीत पोती वर चढविण्याचे काम चालू होते. तुळईच्या कडीत इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा एक आकडा, त्यास कप्पी, कप्पीवरून दोर, अशी साधी व्यवस्था होती. तो आकडा मीच लोखंडी सामानाच्या दुकानातून, भावात घासाघीस करून आणला होता. पन्नास किलोचे एक पोते माळ्याच्या काठावर क्षणभर टेकले, दोर सैल पडला, आणि पोते काठावरून निसटले. ते जेमतेम फूटभरच खाली आले असेल. पण दोर ताठ होताच आकडा उकलला, आणि कप्पीसह पोते खाली कोसळले. खाली उभ्या असलेल्या हमालाच्या खांद्याचे हाड मोडले. पाठीवर पोती वाहून ज्याचा संसार चालतो, त्याचा खांदा जाणे म्हणजे काय, हे आपल्या धंद्यातील माणसास निराळे सांगावयास नको.

पन्नास किलोच्या पोत्याने आकडा उकलावा कसा, हा प्रश्न मला अनेक दिवस छळत राहिला. पुढे एका जाणत्या अभियंत्याने कागदावर आकडेमोड करून दाखविली, तेव्हा उलगडा झाला. कप्पीच्या एका बाजूस पोते, तर दुसऱ्या बाजूस तेवढ्याच जोराने दोर ओढणारी माणसे. म्हणजे वरच्या आकड्यावर भार पडतो तो पन्नास किलोचा नव्हे, शंभर किलोचा. घर्षणामुळे तो आणखी थोडा वाढतो. हे झाले सावकाश ओढण्याचे. पोते बारा इंच मोकळे पडून पुढच्या एका इंचात अडले, तर दोरावर सरासरी ताण त्याच्या वजनाच्या तेरापट, म्हणजे सुमारे साडेसहाशे किलो येतो. वरच्या आकड्यावर तो किती जातो, हे आपणच हिशेबावे! दोर लवचीक असला तर झटका सौम्य होतो, पण तारेचा दोर वा साखळी असली तर तेवढीही दया नाही.

याचसाठी जाणकार लोक दोन आकडे वेगळे मानतात. वस्तू ज्या भाराने तुटते तो तोडभार, आणि जो भार तिच्यावर निर्धास्तपणे घालावा तो सुरक्षित भार. उचलण्याच्या साखळीस तोडभार सुरक्षित भाराच्या निदान चौपट, तारेच्या दोरास सामान्यतः पाचपट धरतात. माणूस अधांतरी टांगावयाचा असल्यास दहापट धरण्याची रीत आहे. दुकानदाराने 'याला एक टन चालते' म्हटले, तर तो यांपैकी कोणता आकडा सांगत आहे, हे विचारावे. बहुधा त्यालाही ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही; फाटक बांधण्यास, ताडपत्री ताणण्यास वा वाळत घालण्याच्या दोरीस जे सामान उत्तम, तेच तो विकत असतो. मी कशासाठी घेतो हे त्याने मला विचारले नाही, आणि मीही त्याला सांगितले नाही.

दोन वस्तू शेजारी ठेविल्या तर डोळ्यांस भेद दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. गज वाकवून केलेली कडी आणि तापवून ठोकून घडविलेली अखंड कडी जस्ताच्या मुलाम्याखाली सारख्याच चकचकतात. पहिली ताणाखाली उकलते. ओतीव वस्तूचे तर सूचना न देता दोन तुकडे होतात. घडीव पोलादाची वस्तू आधी वाकते, लांबते, म्हणजे निदान इशारा तरी देते. उचलण्याच्या साखळीच्या कड्यांवर ८ वा ८० असा दर्जाचा ठसा असतो; तो नसलेली साखळी कुत्रा बांधावयास खुशाल वापरावी. तुटलेली कडी वेल्डरकडून सांधून घेणे ही आपली आवडती काटकसर, पण त्या उष्णतेने पोलादास दिलेले पाणीच उतरते. नुसता टनाचा आकडा कोरलेला असणे पुरेसे नाही. बनविणाराचे नाव, खूण-क्रमांक आणि चाचणीचे प्रमाणपत्र यांचा मेळ बसला पाहिजे.

कोनाचा विचारही करावा. एकच ओझे दोन दोरांनी टांगले की भार निम्मा झाला, असे आपण समजतो. दोर सरळ उभे असतील तर ते खरे. त्यांच्यातील कोन १२० अंश झाला की प्रत्येक दोरावर संपूर्ण ओझ्याइतका ताण येतो. फिरकीच्या कडीस तिरपे ओढले तर ४५ अंशांवर तिची शक्ती एक तृतीयांशाहूनही कमी उरते.

दालमिलवाल्या बंधूंस हे नियम नवे नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने उचलण्याच्या साखळ्या, दोर व साधनांची बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासणी आणि त्यांवर सुरक्षित भाराची स्पष्ट नोंद आवश्यक ठरविली होती. वखारीकडे मात्र तपासनीस फिरकत नाही. तेथे आपणच तपासनीस.

हा प्रश्न वखारीपुरताही नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटीत एका कंपनीच्या रौप्यमहोत्सवात लोखंडी पिंजऱ्यातून वरून उतरत असताना साखळी तुटली, आणि त्या कंपनीच्या प्रमुखांनाच प्राण गमवावे लागले. आपल्या उज्जैनीत ५ मे २०१६ रोजी सिंहस्थात वादळाने मंडप कोसळून माणसे दगावली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. २०२८ च्या सिंहस्थात आपल्यापैकी अनेक जण अन्नछत्रांचे मंडप उभारतील. तेथे पंगतींच्या वर झुंबरे, दिवे, ध्वनिक्षेपक टांगले जातील. कंत्राटदारास कापडाचा रंग विचारण्याआधी, हे कशास टांगणार, हे विचारावे. तारेच्या दोरास चिमटे लावल्यास निदान तीन असावेत, त्यांची खोगिरे भार वाहणाऱ्या दोरावर आणि वाकडे बोल्ट मोकळ्या टोकावर असावेत, आणि भार पडल्यानंतर ते पुन्हा आवळावेत. निसटणाऱ्या उघड्या आकड्यास जिभली असावी. प्रत्येक जड वस्तूस दुसरी, स्वतंत्र सुरक्षा-साखळी असावी. आणि ओझे हालत असता खाली कोणी उभे राहू नये. हा नियम तर फुकट मिळतो.

आमच्या वखारीत आता ठसा असलेला घडीव आकडा आहे. जुन्याच्या कित्येक पट पैसे पडले, ते लिहिताना मुनीमजींनी माझ्याकडे पाहिले, पण बोलले काही नाहीत. तो हमाल दारात बसून पोत्यांची गणती ठेवतो. सकाळी पहिले पोते चढण्याआधी आकडा, कप्पी व दोर निरखून पाहण्याचे काम त्याने आपणहून पत्करले आहे. त्याने मान हलविल्याशिवाय कोणी दोरास हात लावीत नाही. उकललेला तो जुना आकडा मी गादीजवळच्या खणात ठेविला आहे. ज्या सभासद बंधूंस पाहावयाचा असेल त्यांनी पेढीवर अवश्य यावे.