गाडीचे ऑइल : कधी बदलावे आणि कुठे?



सुट्टीत गाडी काढून गोव्याला जाणे आपल्या बेळगावकरांना नवीन नाही. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही गेलो होतो. गाडी जुनी, पण तक्रार नसलेली. परतताना चोर्ला घाट चढू लागलो आणि एका वळणावर समोरचा लाल दिवा लागला. तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला. लगेच विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला.

मी म्हटले, "बाबा, वर गेल्यावर थांबू की."

माझ्या वडिलांचे आयुष्य उद्यमबागेत क्रँकशाफ्ट ग्राइंड करण्यात गेले. ते म्हणाले, "वर जाईपर्यंत इंजिन राहणार नाही. आधी गाडी बाजूला घे आणि बंद कर."

थांबून ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर फक्त टोक ओले होते. खालच्या गावातून ऑइलचा डबा मागवला, ओतला आणि हळूहळू घरी आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ऑइल भरायचे झाकण उघडून दाखवले. आत काकवीसारखा काळा गाळ बसला होता. शेवटचे ऑइल बदलून दोन वर्षे झाली होती, पण गाडी ७,००० किलोमीटरच चालली होती. पुस्तिकेत १०,००० लिहिले आहे, मग घाई कसली, असा माझा हिशेब. त्याच ओळीत पुढे "किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते" असे छापले होते. ते मी कधी वाचलेच नव्हते. माझ्यासारखी चूक इतरांकडून होऊ नये म्हणून हा लेख.

ऑइल काय काम करते?

इंजिनातला क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्या फटीत दाबाने ऑइल जाते आणि शाफ्ट जणू त्या ऑइलवर तरंगत फिरतो. ऑइलचा दाब गेला की धातूला धातू घासतो, बेअरिंग तापते आणि इंजिन पकडते. मग दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. तो लाल दिवा दाबाचा असतो, म्हणून तो लागला की "थोडे पुढे जाऊन बघू" असे म्हणू नये. ऑइल कमी असेल तर चढावर आणि वळणावर ते एका बाजूला सरकते, पंपाला मिळत नाही आणि दिवा लुकलुकतो. आमचे तेच झाले होते.

याशिवाय ऑइल उष्णता वाहून नेते, काजळी आणि धातूचे सूक्ष्म कण स्वतःत धरून ठेवते आणि गंज रोखते. त्यासाठी त्यात निरनिराळी रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू खर्च होतात. म्हणजे पट्टीवर ऑइल पुरेसे दिसले तरी त्यातला कस गेलेला असू शकतो.

कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइल का बिघडते?

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल चांगले तापते आणि हे पाणी उडून जाते. पण घर ते शाळा, शाळा ते बाजार असे दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे ऑइल पुरते तापतच नाही. पाणी आणि न जळालेले पेट्रोल त्यातच राहते आणि गाळ तयार होऊ लागतो. त्यात रेल्वे गेटपाशी इंजिन चालू ठेवून उभे राहणे आलेच. तेव्हा किलोमीटर वाढत नाहीत, पण ऑइल मात्र झिजत असते.

मग कधी बदलावे?

पहिला आधार गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत असते. काही गाड्यांना वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपला हिशेब करू नये. पुस्तिकेत बहुधा कठीण वापरासाठी कमी मुदत वेगळी दिलेली असते. धुळीचे रस्ते, सतत छोट्या फेऱ्या, फार वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहणे, भरपूर ओझे घेऊन घाट चढणे हा कठीण वापरच. आपल्यापैकी पुष्कळांच्या गाड्या त्यात बसतात.

उलट, दर ३,००० किलोमीटरला ऑइल बदलायलाच हवे, हा जुना सल्ला आजच्या गाड्यांना आणि आजच्या ऑइलला सहसा लागू नाही. त्यात पैसे जातात आणि टाकाऊ ऑइलही वाढते.

रंगावरून निर्णय घेऊ नये. डिझेल गाडीत नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते. सीएनजी गाडीत ते बरेच दिवस स्वच्छ दिसते, तरी मुदत संपली की बदलावेच. मात्र ऑइल दुधी किंवा ताकासारखे दिसले तर पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शक्यता असते. अशी गाडी न चालवता मिस्त्रीला दाखवावी.

आणि महिन्यातून एकदा पट्टी पाहावी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे, पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि मग वाचावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही वाईटच.

कोणते ऑइल घालावे?

डब्यावर ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरची जाडी सांगतो. पुस्तिकेत सांगितलेलाच ग्रेड घालावा. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ मानकाच्या ज्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यांना कमी राख करणारे खास ऑइल लागते. तिथे साधे डिझेल ऑइल घातले तर तो महागडा फिल्टर लवकर तुंबतो.

कुठे बदलावे?

वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच जावे आणि बिले फाइलला लावून ठेवावीत. पुढे इंजिनाची तक्रार निघाली तर हीच बिले कामी येतात. वॉरंटी संपली की ओळखीचा चांगला मिस्त्री हा उत्तम पर्याय आहे. तो गाडीखाली गेला की गळणारे सील, फाटलेले रबर अशा इतर गोष्टीही त्याच्या नजरेस पडतात. झटपट ऑइल बदलून देणारी दुकानेही चालतील, पण योग्य ग्रेड आणि योग्य फिल्टर त्यांच्याकडे असेल तरच.

जागा कोणतीही असो, शक्यतो समोर उभे राहावे. एकदा मला एका ठिकाणी नव्या ऑइल फिल्टरचे बिल लावले होते. घरी आल्यावर वडिलांनी खाली वाकून पाहिले. जुन्या फिल्टरवर त्यांनीच केलेली रंगाची खूण तशीच होती! तेव्हापासून आम्ही पुढील गोष्टी पाळतो.

१. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा. सुट्टे ऑइल घेऊ नये.
२. काढलेला जुना फिल्टर दाखवायला सांगावे.
३. रिकामे डबे भोक पाडून टाकावेत, म्हणजे त्यांत कोणी बनावट ऑइल भरणार नाही.
४. काम झाल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून खाली थेंब पडतात का ते पाहावे. नंतर पट्टीवर पातळी पाहावी.
५. तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड वहीत लिहावा.

घरी ऑइल बदलणे अवघड नाही, पण फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकला तर जीव जातो.

जुन्या ऑइलचे काय?

वापरलेले इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. गटारात ओतले तर ते पाण्यावर थर धरून नाल्यात आणि शेतापर्यंत जाते. मातीत ओतले तर विहिरीला धोका. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासण्याची पद्धतही सोडावी, कारण हे ऑइल कातडीलाही अपायकारक आहे. डब्यात भरून ते अशा गॅरेजला द्यावे जिथून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाते. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते.

आमच्या गाडीचे इंजिन वाचले, ते वडिलांनी वेळेवर थांबवले म्हणून. आता तिचे ऑइल दर सहा महिन्यांनी बदलतो, कारण ती शाळेच्या फेऱ्यांपलीकडे फारशी जात नाही. तुमच्या गाडीचा हिशेब वेगळा असेल. विद्यार्थी मित्रांनो, या रविवारी घरी गाडी असेल तर आई-बाबांबरोबर तिचे बॉनेट उघडा, पट्टी काढून पातळी पाहा आणि शेवटचे ऑइल कधी बदलले ते विचारा. लगेच आठवले नाही, तर वही तुम्हीच सुरू करा.