धुऱ्यावरचा वैमानिक

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातल्या आंबागडच्या किल्ल्याची जागा ज्याने हेरली, त्याने एक गोष्ट पक्की ओळखली होती: पाहणारा उंचावर असला की मुलूख त्याच्या नजरेत राहतो. गोंड राजा बख्त बुलंद शाहाच्या काळात, सन १७०० च्या सुमारास बांधलेल्या या गडावर डोळा आणि माणूस एकाच बुरुजावर असत. आज गडाच्या पायथ्याच्या धानाच्या बांध्यांवर फवारणीचा ड्रोन फिरवायचा म्हटले, तर डोळा वर जातो आणि माणूस खाली धुऱ्यावर उभा राहतो. या यंत्राला आपण ‘मानवरहित’ म्हणतो, आणि तिथेच फसतो. माणूस विमानातून उतरला आहे, उड्डाणातून नाही. वाऱ्याचा धक्का, इंजिनाचा बदललेला सूर, पोटात पडणारा खड्डा हे वैमानिकाला अंगाने कळणारे सगळे त्याच्याकडून गेले. जबाबदारी मात्र तेवढीच राहिली. म्हणून ड्रोन पडल्यावर ‘चालकाची चूक’ एवढे लिहून चौकशी मिटवणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्याहून जास्त धोक्याचे. तशी चूक करायला लावणारे कारण जागच्या जागी राहते आणि पुढच्या चालकाची वाट पाहते.

२५ एप्रिल २००६ च्या पहाटे अमेरिकेत ॲरिझोनातल्या नोगालेसजवळ सीमेवर टेहळणी करणारे प्रिडेटर-बी विमान कोसळले. जमिनीवरच्या कक्षात दोन सारखी आसने होती, एक वैमानिकाचे आणि दुसरे कॅमेरा चालवणाऱ्याचे. दोन्हीकडे तोच दांडा; पण एकीकडे तो इंजिनाचा, दुसरीकडे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा त्याचा. वैमानिकाचा पडदा गोठला, त्याने ताबा शेजारच्या आसनाकडे वळवला. तिथला दांडा ज्या जागी होता, ती जागा इंजिनाच्या भाषेत ‘इंधन बंद’ अशी होती. दोन्ही दांडे आधी जुळवून घ्यायचे, ही तपासयादीतली पायरी राहून गेली आणि इंजिन थांबले. विमान खाली येते आहे हे दिसत होते, का येते आहे ते कळत नव्हते. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने वैमानिकाची चूक नोंदवली, पण तिथे न थांबता रचना, प्रशिक्षण आणि देखरेख यांबद्दल २२ शिफारशी केल्या. आपल्याकडेही १६ नोव्हेंबर २००९ रोजी होसूरजवळ डीआरडीओचे ‘रुस्तम-१’ पहिल्याच उड्डाणात पडले. जमिनीवरच्या वैमानिकाचा उंचीचा अंदाज चुकला आणि त्याने इंजिन बंद केले. विमानात बसलेल्या माणसाला जमीन किती खाली आहे हे जसे जाणवते, तसे खालून वर पाहणाऱ्याला जाणवत नाही.

नेमकी हीच अडचण लहान रूपात धुऱ्यावर येते. शंभर-दीडशे मीटरवरचा ड्रोन विजेच्या तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे अवघड असते. ड्रोनचे तोंड चालकाकडे वळले की डावे-उजवे उलटते: दांडी डावीकडे सारली तर ड्रोन चालकाच्या उजवीकडे जातो. काही रिमोटवर उंचीची दांडी डाव्या हाताला असते, काहींवर उजव्या. हात एकाला सरावला आणि दुसरा रिमोट हाती आला, तर घाईच्या क्षणी जुनी सवयच आधी धावते. त्यात उन्हाने पडद्यावरचे आकडे पुसट, तोंडावर मास्क, आणि औषधासाठी घातलेल्या जाड हातमोज्यांना स्पर्शपडदा दाद देत नाही. दहा लिटरची टाकी साधारण एका एकराला पुरते. दिवसाला वीस एकर करायचे तर वीस उड्डाणे, वीस वेळा टाकी भरणे, बॅटरी बदलणे. विसावे उड्डाण पहिल्यासारखे होणार नाही. शिवाय हा चालक नुसता वैमानिक नाही, फवारणारासुद्धा आहे. तुडतुडे धानाच्या बुडाशी, पाण्यालगत बसतात. तिथवर औषध पोचले का, हेही त्यालाच पाहायचे असते. आणि भंडाऱ्यात बांध्यांच्या जवळ मामा (माजी मालगुजारी) तलाव असतात. वारा फिरल्याचे लक्षात आले नाही तर मासळीला घातक असे कीटकनाशक त्या पाण्यात उतरू शकते. ड्रोन सुखरूप उतरला तरी ही चूक झालेलीच असते.

यावर कोणी म्हणेल, पाठीवरच्या पंपापेक्षा हे कितीतरी बरे. बरोबर आहे, आणि विदर्भात तरी हे कोणी नाकारू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पण तेव्हाही ‘त्यांनी मास्क, हातमोजे घातले नाहीत’ असा दोष आधी मृतांच्याच माथी मारला गेला; दमट उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत ते घालून काम होते का, हा प्रश्न मागे राहिला. ड्रोनच्या बाबतीत तीच पद्धत पुन्हा नको. दुसरा आक्षेप असा की आता यंत्र ठरल्या मार्गाने आपोआप उडते, माणूस लागतोच कुठे? याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच देऊन ठेवले आहे: सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि तेही सराव मोडलेल्या हातांनी निभवायचे असतात. नुसते बघत राहणे हेही हलके काम नव्हे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घड्याळाच्या काट्याची क्वचित पडणारी दुप्पट उडी टिपायची होती; पहिल्या अर्ध्या तासातच माणसांची नजर चुकू लागली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, महिला बचत गटांसाठीच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ दिवसांचे प्रशिक्षण आहे: पाच दिवस उड्डाणाचे, दहा दिवस फवारणीचे. सोबत गटातल्या किंवा घरातल्या आणखी एका व्यक्तीला तंत्रज्ञ-मदतनीस म्हणून शिकवण्याची तरतूद आहे. माझ्या मते योजनेतली सर्वांत शहाणपणाची तरतूद हीच. मात्र त्या दुसऱ्या माणसाला केवळ दुरुस्तीपुरते न धरता, तारा, वारा आणि तलाव यांच्यावर नजर ठेवणारा म्हणून उभे करायला हवे. त्याच्या मजुरीने एकरी खर्च वाढेल, हे खरे. एक ड्रोन तारेत अडकला तर लाखांचे यंत्र आणि गटाचा हंगाम दोन्ही जातात, हेही खरे. पडद्यावरची धोक्याची सूचना मराठीत असावी. थोडक्यात टळलेले अपघात कोणाचे नाव न घेता, कोणाला दंड न करता तालुका कृषी कार्यालयात नोंदवता यावेत. पुढच्या रोवणीआधी भंडाऱ्याच्या कृषी विभागाने एवढी वही तरी उघडावी, आणि तिच्यात ‘चूक कोणाची’ असा रकाना ठेवू नये.