सिंधुदुर्ग : तटाच्या आतला इतिहास, तटाबाहेरचे अभयारण्य

वऱ्हाडातील वाचकाला किल्ला म्हटले की सातपुड्याच्या रांगेतील नरनाळा किंवा गाविलगड आठवतो, आणि अकोट तालुक्यातील नरनाळा अभयारण्यात असल्याने तेथे जाताना वनविभागाचे नियम पाळावे लागतात, हेही त्याला ठाऊक असते. इतिहास आणि निसर्ग यांची अशीच सांगड कोकणात मालवणसमोर आढळते; मात्र तेथे किल्ल्याभोवती जंगलाऐवजी समुद्र संरक्षित आहे.

कुरटे या खडकाळ बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला आणि १६६७ मध्ये हा जलदुर्ग, म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला किल्ला, पूर्ण झाला. जंजिऱ्याच्या सिद्दीवर आणि परकीय सत्तांवर वचक ठेवण्यासाठी मराठी आरमाराला भक्कम ठाणे हवे होते, आणि भोवतालच्या बुडत्या खडकांमुळे शत्रूच्या जहाजांना येथे सहजी शिरता येत नसे. सुमारे ४८ एकरांच्या या किल्ल्याचे महाद्वार तटाच्या वळणात असे दडवलेले आहे की ते जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, तसेच राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्गाचा समावेश झाला.

या लौकिकाच्या तुलनेत भोवतालच्या पाण्याची ओळख फारच थोड्यांना असते. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले; त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड यांच्या परिसरात आहे. येथे प्रवाळ आढळतात. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींनी रचलेले चुनखडीचे सांगाडे असतात, आणि त्या प्राण्यांच्या शरीरातील शैवालाला सूर्यप्रकाश लागत असल्याने गढूळ पाणी, वर टाकलेला नांगर किंवा पाणबुड्या पर्यटकाचा पाय यांपैकी काहीही त्यांना घातक ठरते. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ तोडणे हा गुन्हा आहे.

असा प्रयोग भूमध्य समुद्रातही झाला आहे. स्पेनमधील ताबार्का या तटबंदीच्या छोट्या बेटाभोवती १९८६ मध्ये त्या देशातील पहिले सागरी राखीव क्षेत्र स्थापन झाले. मालवणात मात्र निर्बंधांमुळे रोजी जाईल या भीतीने मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला, आणि ज्या समाजाचे पोट समुद्रावर आहे त्याला विश्वासात घेतल्यावाचून असे संरक्षण केवळ कागदावर उरते, हा त्यातून निघणारा धडा आहे.

अकोला किंवा बडनेऱ्याहून रेल्वेने कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेवरील कुडाळ अथवा कणकवली गाठून पुढे रस्त्याने मालवणला जाता येते. पावसाळ्यात समुद्र खवळत असल्याने किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते, म्हणून हिवाळ्याचे महिने सोयीचे ठरतात. पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळाला हात लावू नये, शंख-शिंपले उचलू नयेत आणि प्लास्टिक परत आणावे. तटाचा चिरा काढून नेणे जितके गैर, तितकेच प्रवाळाचा तुकडा नेणेही गैर आहे.