कारवी, सिंधुलिपी आणि झेवियर्सचे मास्तर

गवताकडे सहसा कोणी मान वळवून बघत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट पाद्र्याने मात्र चार्ल्स मॅककॅन यांच्यासह मुंबई इलाख्यातल्या गवतांवर अख्खा ग्रंथ लिहिला. तो १९३५ साली बाहेर पडला. ब्लॅटर आदल्याच वर्षी वारले होते. १९०६ साली त्यांनी सुरू केलेला वाळलेल्या वनस्पतींचा संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यांचा वारसा पुढे नेला तो स्पेनहून आलेल्या हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी. १९४० पासून ते झेवियर्समध्ये होते. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३चा, पुरंदरचा १९५८चा. त्याआधी १९५१ साली त्यांनी मुंबई राज्यातले अडुळशाचे कूळ तपासले होते. कोरांटी, अबोली, कारवी ही याच कुळातली. वर्षानुवर्षे गप्प राहून एकदम डोंगरच्या डोंगर फुलवणाऱ्या कारवीवरही त्यांनी लिहिले. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या लेखी मात्र या साऱ्याहून मोलाची ती संग्रहातली वाळवलेली फांदी आणि तिच्याखालची चिठ्ठी: कुठे मिळाली, कधी, कोणी तोडली. ओळख चुकली असली, तर पन्नास वर्षांनी दुसरा कोणीही ती फांदी पाहून चूक दुरुस्त करू शकतो.

इतिहासात एवढी सोय नसते. १९२२ साली मुंबईत आलेल्या फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली याच महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था काढली. विजयनगरच्या अरविडू घराण्यावरचे त्यांचे पुस्तक लगेच पुढच्या वर्षी आले. सिंधू संस्कृतीची लिपी आपण वाचली, ती भाषा द्रविड कुळातली, असे त्यांनी १९५३च्या जाडजूड ग्रंथात मांडले. ते वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही. भाषा द्रविड असावी हा तर्क मात्र आजही जिवंत आहे. हेरासांचे खरे यश मला त्यांच्या शिष्यांत दिसते. कदंबांचा इतिहास सांगणारे जॉर्ज मोराएस यांचे ‘कदंब कुल’ (१९३१) त्यांच्याच तालमीतले.

अशा पाद्र्यांच्या महाविद्यालयात पुढे युनिस डिसूझा यांनी कितीतरी वर्षे इंग्रजी शिकवले. जन्म पुण्याचा, घर गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबातले. १९७९च्या ‘फिक्स’ या पहिल्या काव्यसंग्रहात त्यांनी आपल्याच समाजाचा दांभिकपणा, लग्नाचे बाजार, पाद्र्यांचे उपदेश यांना थोडक्या, तिरकस ओळींत उघडे पाडले. नंतर त्यांनी नऊ भारतीय कवयित्रींचे इंग्रजी काव्य एकत्र आणले. ते पुस्तक १९९७ साली आले, आणि इंग्रजी साहित्याच्या वर्गांत ते वाचले जाऊ लागले.