कात्रीचं काम

केडगाव स्टेशनजवळच्या गल्लीत दोन खुर्च्यांचं सलून. एका खुर्चीवर टॉवेल वाळत घातलेत, म्हणजे कारागीर आज आलेला नाही. दुसऱ्या खुर्चीत विशीतलं एक पोरगं आरशाकडे रागानं बघत बसलंय. आरशाच्या वर संत सेना महाराजांची तसबीर, तिला ताजा हार. शिवारातल्या कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोडसर धूर दारातून आत येतोय. बाकावर मी आणि एक तात्या. तात्यांनी पेपर उघडलाय, पण लक्ष खुर्चीकडे.

पोराचे केस मुळाशी कुरळे आहेत. तीन बोटं वर आले की एकदम सरळ होतात आणि तिथूनच मोडल्यासारखे खाली पडतात.

"मामा, परत स्मूदनिंग मारा. रविवारी ताईची हळद हाय."

"आधी कुठं केलं होतंस?"

"हडपसरला. साडेतीन हजार घेतले."

मामा काही बोलत नाहीत. फवाऱ्यानं पाणी मारतात, कपाळावरची बट बोटांत धरतात आणि त्यातला एक केस मुळापासून उपटतात. पोरगं कळवळतं. मामा तो केस त्याच्या डोळ्यांसमोर दोन चिमटींत धरून ताणतात. आधी मुळाकडचा भाग. तो जरासा लांबतो, सोडला की परत वळतो. मग टोकाकडचा. तो लांबतच जातो, बारीक होतो आणि तुटतो.

"पाचट झालंय याचं. पाचटाला पाणी पाजून हिरवं होतंय व्हय?"

मामांना त्यामागचं रसायन माहीत आहे की नाही, मी विचारत नाही. त्यांच्या बोटांना ते माहीत आहे. केसाचा आकार आतल्या प्रथिनांमधले गंधकाचे बंध धरून ठेवतात. स्मूदनिंगच्या क्रीमनं ते तोडायचे, गरम इस्त्रीनं केस सरळ करायचा आणि दुसऱ्या क्रीमनं बंध पुन्हा जोडायचे. सगळे काही पुन्हा जुळत नाहीत. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, आणि वाढतो तो मुळातून, जिथं क्रीम पोचत नाही. म्हणून सहा महिन्यांत हे असं होतं. 'केरेटिन' म्हणून जे करतात त्याचीही कथा फार वेगळी नाही. त्यातल्या कित्येक मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेनं फॉर्माल्डिहाइड सुटतो. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्याच गटात त्याचं नाव आहे. ते नको म्हणून ग्लायॉक्सिलिक आम्ल आणलं, तर २०२४ साली फ्रेंच डॉक्टरांनी एका तरुणीची हकिगत छापली: केस सरळ केले की दर वेळी मूत्रपिंडाला इजा. ही मिश्रणं दिवसभर हुंगत उभा राहणारा कारागीर तर कोणाच्या हिशेबातच नसतो.

"मग आता?" पोरगं विचारतं.

"आता कात्री."

मामा आधी टॉवेलनं डोकं कोरडं करतात. कुरळा केस ओला असताना लांब दिसतो. ओला कापला तर वाळल्यावर वर चढतो आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. मग फणी बाजूला ठेवून नुसती बोटं डोक्यावरून फिरवतात. शेंड्यावरच्या भोवऱ्याशी बोट थांबतं. "उजवीकडं फिरतोय," ते स्वतःशीच म्हणतात. भोवऱ्यावरचे केस लांब ठेवायचे, म्हणजे ते स्वतःच्या वजनानं बसतात. आखूड केले की ताठ उभे राहतात आणि मग जेल आणा, स्प्रे आणा.

मशीन खुंटीला लटकलेलंच आहे. कानाच्या वर फणी उभी धरून मामा कात्री चालवतात, दोन घावांच्या मधे हवेतही एक-दोनदा वाजवतात. वरच्या बटा बोटांत उचलून टोकं सरळ न छाटता कात्री उभी घालून तोडतात, कमीजास्त. जमिनीवर सरळ, निर्जीव केस पडत राहतात, आणि डोक्यावर उरलेले सुटे होऊन आपापल्या वळणानं बसायला लागतात. मामा दोन पावलं मागे येतात, डोळे बारीक करतात, डाव्या कानामागं पुन्हा दोन घाव. या 'पुन्हा दोन घाव'साठी मी तरी शंभराच्या वर पन्नास खुशीनं देईन.

नाही म्हणणारा न्हावी मला या गावात विशेष वाटतो. विधवांचं केशवपन करणार नाही, असं मुंबईच्या नाभिकांनी १८९० साली सभा भरवून ठरवलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. त्या काळात नाभिकांचं हातचं उत्पन्न गेलं, आणि समाजाचा रोष पदरी आला. इथून थोड्याच अंतरावर पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. वपन झालेल्या बायकांचं जिणं रमाबाईंनी १८८७ च्या इंग्रजी पुस्तकात जगापुढं मांडलं आणि पुढं अशा कितीतरी जणींना याच केडगावात आसरा दिला. मामांच्या नकाराची आणि त्या नकाराची तोलामोलाची बरोबरी नाही, हे कळतं. पण खुर्चीतल्या माणसाच्या डोक्याचं काय करायचं नाही, हे ठरवणं धंद्याचाच भाग आहे.

मामा मागं आरसा धरतात. पोरगं मान वळवून वळवून बघतं.

"लहानपणी असेच होते," ते म्हणतं. राग गेलाय, पण कबूल करायचं नाही. "किती?"

"शंभर. आन् वीस दिवसांनी ये, कानावरचे येतील."

मोबाइल पुढं होतो, कोपऱ्यातला डबा पैसे मिळाल्याचं ओरडतो. तात्या पेपर घडी करून माझ्या आधी उठतात. त्यांचा नंबर आहेच.

"काळे कर रं. नातीचा साखरपुडा हाय."

मामा काळ्या मेंदीचं पाकीट काढतात. याला ते तत्त्व म्हणून नाही म्हणत नाहीत. फळीवर दहा-बारा पाकिटं आहेत. फाडता फाडता थांबतात.

"मागच्या टायमाला खाजलं होतं का?"

"जरासं. पापण्या सुजल्या होत्या."

पाकीट फळीवर परत जातं. "मग न्हाय लावायचं. कल्ले बारीक मारतो, पांढरं दिसायचं न्हाय."

तात्या आरशात बराच वेळ स्वतःला न्याहाळतात.

"आन् मिशीचं काय?"

"मिशी पांढरीच ऱ्हाऊ द्या. आजोबा कोण हे पाव्हण्यांना कळाया नको?"